दोन पराती आणि एक पळी

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेल्स नावाचं बंदर आहे. तिथे एक अठरा वर्षांचा मुलगा कामावर हजर व्हायला जाता जाता आजारी पडला आणि मेला. मोठा भाऊ तेव्हा भलत्याच दिशेला होता.

*

तांबं चिंचेने उजळतं आणि चांदी रांगोळीने. इंदूवहिनी दोघांनाही चिंचच लावायची. दोन्ही उजळायची.

*

'उमेदवाराने सोमवार, दिनांक ३ एप्रिल १९७८ रोजी सकाळी आठ वाजता वैद्यकीय तपासणीसाठी उपस्थित राहावे. सोबत दोन फोटो आणावेत. न आल्यास यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल.'

*

मेल्याची बातमी वर्ष उलटल्यावर कळली, तर सुतक धरत नाहीत. नुसती डोक्यावरून आंघोळ पुरते.

*

साडेतीन फुटी घंगाळ एकट्या माणसाच्याने होत नाही. एकाने धरायचं आणि फिरवायचं, दुसऱ्याने ठोकायचं. धरणारा हलला तर ठोका वाया जातो. ठोकणारा चुकला तर धरणाऱ्याचं बोट जातं. दादा ठोकायचा, मी धरायचो. आठ वर्षांत माझी दहाच्या दहा बोटं शाबूत होती.

*

"मी तीन तारखेपासून येणार नाही," मी म्हणालो.

ठण्.

"कुठे येणार नाहीस?"

"इथे. दुकानात. सातपूरच्या कारखान्यात लागलोय."

ठण्. ठण्.

"फिरव," दादा म्हणाला.

मी घंगाळ फिरवलं. नाशकातल्या आमच्या तांबट आळीत गुपित नावाचा प्रकार नव्हता. सकाळी सातपासून पंचवीस दुकानांत हातोडे चालत, त्यामुळे ज्याला जे काही म्हणायचं ते तो ओरडून म्हणे. समोरच्या दुकानातून बबनराव पोटफोडे ओरडले, "काय रे मुरली, कारखान्यात रविवारची सुट्टी असते का?"

"असते!" मी ओरडलो.

"मग आम्हालाही घे!"

दादाने हातोडा खाली ठेवला. पंच्याने मान पुसली. माझ्यापेक्षा तो बारा वर्षांनी मोठा. आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून तो ठोकत होता आणि माझे हात पुरेसे मोठे झाल्यापासून मी धरत होतो.

"घंगाळ कोण धरणार?" त्याने विचारलं.

"माणूस ठेव."

"माणूस." हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू मी त्याला घंगाळाला टेकू म्हणून उशी लावायला सांगितली होती. मग म्हणाला, "दोघांना विचार. दोघे हो म्हणाले तर जा."

*

दोघे म्हणजे आमच्या देवघरातला सगळ्यात लहान देव. खंडोबाचा टाक, कालिकामातेचा टाक आणि त्यांच्या पुढ्यात सुपारीएवढ्या तांब्याच्या वाटीत, तांदळावर, हे दोघे. चांदीचा एक गोल तुकडा, अंगठ्याच्या नखापेक्षा जरासा मोठा. कडेला एक भोक. त्यावर दोन पुरुष उभे. दोघांच्या मधे दोन पराती उभ्या टेकवलेल्या आणि परातींमागून सांडशीचे दांडे वर आलेले. डोक्यावर एका बाजूला पळी आणि दुसऱ्या बाजूला वळलेल्या टोकाची आकडी. कडेने बारीक अक्षरं होती, ती कुणालाच लागत नव्हती. मागच्या बाजूला एका माणसाचं डोकं होतं, पण ती बाजू कायम तांदळात असायची.

पणजोबांच्या वेळी नेवाशाकडून एक फुटका हंडा मोडीत आला. त्याच्या बुडाला माती चिकटली होती आणि मातीत हा तुकडा. पणजोबांनी तो चिंचेने घासला आणि पाहिलं तर दोन तांबट. माल तयार करून गिऱ्हाइकाची वाट बघत उभे. पराती, पळी, आकडी, सगळा आपलाच माल. त्यांचं तेव्हा धाकट्या भावाशी वाटणीवरून बोलणं बंद होतं. त्यांनी भावाला बोलावून तुकडा दाखवला. भावाने तो दिव्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाला, "दादा, डावीकडचा तू." वाटणी राहिली. तेव्हापासून नियम झाला: दोघे घरात आहेत तोवर घर एक, चूल एक, दुकान एक. धाकट्याला वेगळं व्हायचं असलं तर दोघांचा कौल घ्यायचा.

तीन पिढ्यांत कुणीच कौल मागितला नव्हता.

*

कौल लावायचा मान ठकूआत्याचा. ती वडिलांची थोरली बहीण, विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली आणि आता पंचाहत्तरीला टेकलेली. तिने चष्म्यावर दुसरा चष्मा लावला, तांदळाचे दोन दाणे पाण्यात भिजवले आणि एकेका भावाच्या छातीवर एकेक चिकटवला.

"उजवा पडला तर जा," ती मला म्हणाली. "डावा पडला तर गप बस."

"आणि दोन्ही एकदम पडले तर?"

"तर दोघं भांडलेत. परत लावायचे."

आम्ही बसून राहिलो. दादा, मी, आत्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट घेऊन उभी होती. अर्धा तास झाला. दाणे जागेवर होते.

"पोळ्या लाटू का?" वहिनीने विचारलं.

"लाट," आत्या म्हणाली. "ते विचार करतायत."

मार्चचे दिवस. पाणी वाळलं आणि तांदूळ चांदीला घट्ट बसले. दुसऱ्या दिवशी दाणे तिथेच होते. तिसऱ्या दिवशीही. मी वाटीवर हळूच फुंकर मारून पाहिली. मागून आत्या म्हणाली, "मुरल्या, देवाला वारा घालतोयस का?"

चौथ्या दिवशी मी दादाला म्हणालो, "हे काही बोलत नाहीत."

"बोलत नाहीत म्हणजे नाही म्हणतायत."

"डावा कुठे पडलाय?"

"उजवा पडलाय का?"

घंगाळाचा काठ घ्यायचा राहिला होता. आम्ही दुकानात गेलो. ठोकताना दादा माझ्याकडे बघत नव्हता आणि हे बरं होतं, कारण ठोकताना त्याने माझ्याकडे बघितलं असतं तर माझं बोट गेलं असतं.

*

दोघे देवच नाहीत असं कुणा जाणत्या माणसाने लिहून दिलं, तर त्यांचा नियमही उरत नाही, असं माझ्या डोक्यात आलं. मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं. मी बावीस वर्षांचा होतो.

मंगळवारी दुपारी आत्या आडवी झाल्यावर मी दोघांना रुमालात घेतलं, दाण्यांसकट. वाटीत त्यांच्या जागी पंचवीस पैशांचं नाणं ठेवलं आणि वर हळदकुंकू टाकलं. संध्याकाळी कळलं की आत्याने मधेच उठून त्याला मोगऱ्याचं फूल वाहिलं होतं.

दोघांना घेऊन मी मोघ्यांकडे गेलो. मोघे पोस्टमास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर नाणी जमवत होते. घरभर सिगारेटच्या डब्या होत्या आणि डब्यांत नाणी. त्यांनी रुमाल उघडला आणि काही बोलायच्या आधी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"यावर हे काय चिकटलंय?"

"कौल."

"कसला?"

मी सांगितलं. उजवा पडला तर जायचं, डावा पडला तर थांबायचं.

मोघ्यांनी टाचणी घेतली. "मी उजवा काढला तर चालतो का?"

"नाही. आपला आपण पडायला हवा."

"मग दोन्ही काढतो," ते म्हणाले आणि काढले. अगोदर उजवा काढला. मी ते लक्षात ठेवलं, पण त्याचा उपयोग नव्हता.

भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिलं. नाणं उलटं केलं. मागचं डोकं पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मुरलीधर, हे रोमचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं. मागे आहे तो तिथला बादशहा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याने मुलीची दोन पोरं दत्तक घेतली. ती ही दोघं. हा थोरला, हा धाकटा. हे दोघं आपल्यामागे राज्य करणार, असं त्याने सगळ्या जगाला सांगितलं. कसं सांगितलं? तर हे नाणं पाडून."

"आणि पराती?"

"ढाली आहेत त्या. मागे भाले आहेत."

"पळी?"

मोघ्यांनी भिंग परत लावलं. "पळी मात्र पळीच आहे. देवाला दारू वाहायची पळी. थोरला तिथला पुरोहित होता. त्याची खूण."

"आकडी?"

"तो दंड आहे. पक्षी कुठून कुठे उडतात ते बघून देवाची मर्जी सांगणारे लोक असत. कुणी युद्धाला निघायचं, कुणी घरी बसायचं, ते हे सांगत. त्यांच्या हातातला दंड. धाकटा त्या लोकांतला."

"म्हणजे कौल लावणारा?"

"म्हटलं तर हो."

मी नाण्याकडे बघितलं. इतके दिवस आम्ही कौल लावणाऱ्याच्याच छातीवर तांदूळ चिकटवून त्याला कौल विचारत होतो. तो बोलला नाही यात नवल नव्हतं.

"पण हे देव नाहीत ना?" मी विचारलं. "तेवढं लिहून द्या."

मोघ्यांनी लिहून दिलं. छापील नाव असलेल्या कागदावर, सही करून. मग नाणं माझ्या हातात ठेवलं. लगेच परत मागितलं, एकदा पाहिलं आणि दिलं. मी दारापर्यंत पोचल्यावर तिसऱ्यांदा मागितलं.

"हे नीट ठेवा," ते म्हणाले. "चिंच लावू नका."

*

'सदर वस्तू ही देवाचा टाक नसून रोमन बादशाहीतील चांदीचे नाणे आहे. त्यावरील दोन पुरुष हे बादशहाचे दत्तक पुत्र होत. धाकटा स्पेनमधील लष्करात रुजू होण्यास जात असता वाटेत मार्सेल्स येथे वयाच्या अठराव्या वर्षी वारला. थोरला मोहिमेवर जखमी होऊन परतीच्या वाटेवर दोन वर्षांनी वारला. राज्य दोघांनाही मिळाले नाही. करिता हा दाखला. — ना. वि. मोघे, पोस्टमास्तर (निवृत्त)'

*

मी हे बुधवारी चार वाजता चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. नाणं वाटीत परत गेलं होतं. मी ते नेलं होतं हेही सांगून टाकलं. त्यावर आत्या म्हणाली, "तरीच काल फूल टिकलं नाही."

दादाने दुकानातलं भिंग आणवलं, उकिडवा बसला आणि नाणं उजेडाकडे धरून बघू लागला.

"ढाली," तो म्हणाला.

"असं मोघे म्हणतात."

"मधे उभार आहे, कडेने गोल काठ घेतलाय, एकसारखा." त्याने भिंग मला दिलं. "ढाल असेल. पण केली तांबटाने."

मी म्हणालो, "ते जाऊ दे. देव नाहीत, एवढंच."

"वारले?" आत्याने विचारलं.

"कोण?"

"हे दोघं. आत्ता वाचलंस ना?"

"हो. वारले."

"धाकटा आधी?"

"हो."

"घरी?"

मला पुढचं दिसू लागलं, पण कागद सगळ्यांनी ऐकला होता. "नाही. वाटेत."

"कुठे निघाला होता?"

"स्पेनला."

"कशाला?"

मी चहा प्यालो. चहा संपलेला होता. "रुजू व्हायला," मी म्हणालो.

आत्याने दादाकडे पाहिलं. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मोठा भाऊ घरी होता तोवर ठीक होतं," आत्या म्हणाली. "नोकरीला म्हणून निघाला आणि अठराव्या वर्षी मेला. आणि हा कागद तू स्वतः घेऊन आलास. मी पाठवलं होतं का तुला?"

"आत्या, ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"मग काय झालं? मेलेला माणूस कमी मेलेला होतो का?"

मी वहिनीकडे बघितलं. ती नेहमी माझ्या बाजूने असायची. ती म्हणाली, "भावजी, अठरा म्हणजे लहानच हो."

मग आत्या उठली. गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "चला. आंघोळी करा."

"आत्ता?"

"चार पिढ्या आपल्या देवघरात बसलेत. आपण रोज गोडाचा नैवेद्य दाखवतो आणि दोघं मेलेत हे आपल्याला आज कळतंय. वर्ष होऊन गेलं असेल तर सुतक नाही. नुसती आंघोळ. डोक्यावरून, गार पाण्याने."

"आत्याबाई, मी सकाळीच डोकं धुतलंय," वहिनी म्हणाली.

"ते कळायच्या आधी धुतलंस."

आम्ही चौघांनी एकामागून एक डोक्यावरून गार पाणी घेतलं. आमच्या घरात आळीतला सगळ्यात मोठा बंब होता, दादाने केलेला, पण तो त्या दिवशी पेटवला नाही. मी सगळ्यात शेवटी गेलो. बाहेर आलो तर दादा ओल्या पंच्यात ओट्यावर बसला होता. समोरून बबनराव ओरडले, "काय त्र्यंबकराव, कोण गेलं?"

"लांबचे!" दादा ओरडला.

"वय काय होतं?"

"एक अठरा, एक तेवीस!"

बबनरावांनी हातोडा खाली ठेवला. तासाभराने त्यांच्या घरून पिठलं-भाकरी आली.

*

ज्या कागदाने मी सुटणार होतो त्याने मला जास्तच बांधलं. आता आत्या मला दारातून एकटं जाऊ देईना. दोन दिवस मी दळण आणायला गेलो तरी ती विचारायची, "कुठपर्यंत?" यादीतल्या पुढच्या उमेदवाराचं नाव मला माहीत होतं. माझ्याच वर्गात होता. तो रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "नाही जाणार असशील तर आधी सांग, मला फोटो काढावे लागतील."

शुक्रवारी होळी झाली. आत्याने जाहीर केलं की दोघे आता देव नाहीत, वीर आहेत. वीर म्हणजे घरातली गेलेली माणसं. धुळवडीला नाशकात ज्याच्या त्याच्या घरचे वीर निघतात. टाक हातात घ्यायचा, पुढे हलगी वाजते, नाचत नाचत गोदेवर न्यायचं, रामकुंडात आंघोळ घालायची आणि परत आणून देवघरात बसवायचं. आमच्या घरात वीर नव्हते. आता होते.

"दोघा भावांनी न्यायचं," आत्या म्हणाली. "आणि मुरल्या, तू धरायचंस."

"धरतोच आहे," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. आळीतले सात-आठ जण आले. बबनरावांच्या पुतण्याने हलगी वाजवली. नाचायला मला येत नव्हतं आणि दादाला त्याहून येत नव्हतं. आम्ही दोघं हात वर करून नुसते चालत होतो. माझ्या हातात वाटी, वाटीत तांदळावर ते दोघं.

"वीर कुणाचे?" सराफ बाजारात एकाने विचारलं.

"वडक्यांचे," बबनराव म्हणाले. "परदेशात वारले."

लोकांनी वाट दिली.

रामकुंडावर गर्दी होती. पायऱ्यांवर ओले टाक, ओली पोरं, गुलाल. दादाने धोतर खोचलं आणि मांडीएवढ्या पाण्यात उतरला. मी दोन पायऱ्या वर.

"दे," तो म्हणाला.

मी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने मूठ मिटली. पाण्यात एकदा बुडवली, वर आणली. दुसऱ्यांदा बुडवली, वर आणली. तिसऱ्यांदा हात बराच वेळ पाण्यात राहिला. वर आला तेव्हा मूठ उघडी होती.

"पडलं," दादा म्हणाला.

मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. लालभडक पत्रा सांडशीत धरून आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणारा हात होता तो.

"शोधू?" मी विचारलं.

"कशाला?" त्याने तोंडावर पाणी मारलं. "सगळ्यांच्या अस्थी इथेच टाकतात. यांच्या कुणी टाकल्या असतील?"

मागून हलगी चालूच होती. दादा पाण्यातून वर आला, धोतर पिळलं आणि म्हणाला, "चल."

*

आत्याने रिकामी वाटी बघितली.

"दोघं कुठायत?"

"हातातून पडलं."

"मुरल्याच्या?"

"माझ्या."

आत्याने त्याचा हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. घट्टे बघितले. दोन्ही चष्म्यांतून बघितले. मग सोडून दिला. वाटीत तिने एक सुपारी ठेवली, हळदकुंकू लावलं.

"मग आता दोघं घरात नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत."

"नियम दोघं घरात असतील तोवरचा होता."

दादा ओलं धोतर बदलायला आत गेला.

रात्री जेवताना ती वहिनीला म्हणाली, "त्याला डबा लागेल. सोमवारपासून. आहे का झाकणाचा?"

"तांब्याचे आहेत चार," वहिनी म्हणाली. "पण कारखान्यात तांब्याचा डबा नेला तर हसतील भावजींना."

पुढच्या शनिवारी दादा संध्याकाळी बाहेर गेला आणि स्टीलचा डबा घेऊन आला. तीन मजली, बाजूला कडी. आमच्या घरात आलेलं ते पहिलं स्टीलचं भांडं. त्याने तो खाली ठेवला आणि एकदा नखाने वाजवून पाहिला.

"आवाज नाही याला," तो म्हणाला.

*

रविवारी आम्ही घंगाळाचा काठ पुरा केला. ते शेवटचं. त्यानंतर दादाने कळशी, तांब्या, तपेली, एकट्याच्याने होतील ती भांडी केली. माणूस त्याने कधीच ठेवला नाही.

ठोकून झाल्यावर हात धुताना तो म्हणाला, "तपासणीला डॉक्टर घड्याळ घेऊन मागे उभा राहतो. आधी डाव्या कानाशी धरतो. टिकटिक ऐकू आली का विचारतो."

"बरं."

"आली नाही तरी हो म्हण. मग घड्याळ हळूहळू लांब नेतो. सहा आकडे मोजायचे आणि मग नाही म्हणायचं. लगेच नाही म्हणायचं नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाजारात ऐकलं," दादा म्हणाला. हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरून बबनराव म्हणाले, "काय ऐकलं?"

सोमवारी डॉक्टर घड्याळ घेऊन माझ्या मागे उभा राहिला. आधी डावा कान. मला काही ऐकू आलं नाही. मी हो म्हणालो, सहा आकडे मोजले आणि नाही म्हणालो. उजव्या कानाला तसंच. त्याने कागदावर शिक्का मारला.

मोघे पुढचा महिनाभर रोज सकाळी रामकुंडावर येत. तळाची चिल्लर चाळणाऱ्या लोकांशी त्यांनी ओळख काढली होती. त्यांना काही मिळालं नाही. आत्या पंच्याऐंशी साली गेली. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी एकतीस वर्षं नोकरी केली, पहिली नऊ प्रेस शॉपमध्ये आणि नंतर कार्मिक विभागात, जिथे जुन्या अर्जांची बाडं कपाटात रचून ठेवलेली असत.

१९७६ च्या जूनमध्ये त्र्यंबक गणपत वडके, वय बत्तीस, याने त्याच कारखान्यात हेल्परच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही असा शेरा मारून त्याला परत पाठवण्यात आलं होतं.